बालाघाटाच्या दोन उतारांवरचे मासे

एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्या होत्या आणि पाणी पाच लाख लिटर. कुर्डुवाडी, बार्शी करत ही ‘जलदूत’ येडशीजवळ बालाघाटाच्या माथ्यावर यायची आणि धाराशिवमार्गे लातूरकडे उतरायची. दुष्काळाच्या अंगानं या गाडीबद्दल भरपूर छापून आलं. नकाशाच्या अंगानं तिनं काय केलं, ते मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. येडशीच्या पश्चिमेला, बार्शीच्या बाजूला पडलेला पाऊस भोगावती-सीनेतून भीमेला आणि शेवटी कृष्णेला मिळतो. दुसऱ्या अंगाचा पाऊस तेरणेत, तेरणेतून मांजरेत आणि मांजरेतून गोदावरीत जातो. या गाडीनं कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी पाणलोटाचा माथा ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यात नेऊन ओतलं.

रूळ किंवा पंप नसेल तर या दोन खोऱ्यांतलं पाणी एकमेकांना भेटत नाही. दोन्ही नद्या शेवटी बंगालच्या उपसागरातच जातात, पण दोन मुखांच्या मधे खारं पाणी आहे आणि गोड्या पाण्यात जन्म काढणाऱ्या माशाला ते ओलांडता येत नाही. असं असूनही भीमा-सीनेच्या जाळ्यात येणारे आणि मांजरा-गोदावरीच्या जाळ्यात येणारे मासे शेजारी शेजारी मांडले, तर बहुतेक मंडळी तीच निघतात. मरळ, वाम, शिंगाडा, मळ्या दोन्हीकडे आहेत. रोहटी म्हणून एक चपटा, चांदीसारखा मासा आहे. जगात तो दख्खनच्या नद्यांबाहेर कुठंच नाही, आणि कृष्णा-गोदावरी या दोन्ही खोऱ्यांत मात्र आहे. मग तो इकडून तिकडे गेला कधी, आणि कसा?

उष्ण प्रदेशातल्या गोड्या पाण्याच्या माशांबद्दलचा हा एक जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे. हवामानाच्या मोठ्या आवर्तनांनी, म्हणजे हिमयुगं आणि त्यांच्या मधल्या उबदार काळांनी, या माशांच्या जाती घडवल्या का? की जाती आधीच घडून गेल्या होत्या आणि आवर्तनांनी फक्त कोण कुठं उरायचं ते ठरवलं? गेल्या ऐंशी वर्षांत या प्रश्नाचं उत्तर एकदा पूर्ण उलटलं आहे, आणि त्या उलटापालटीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. माझं मत दुसऱ्या बाजूकडे झुकतं. ते का, हे सांगण्यासाठीच हा आढावा.

‘हिमयुग’ म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फ येतो. आपल्याकडे हिमयुगाचा अर्थ दुष्काळ असा होता. पृथ्वीच्या कक्षेचा आकार, आसाचा कल आणि त्या आसाचं डोलणं यांची आवर्तनं साधारण १ लाख, ४१ हजार आणि २३ हजार वर्षांची असतात. उत्तरेकडे बर्फ साठतो की वितळतो, हे त्यांवर ठरतं. उष्ण कटिबंधात त्याच आवर्तनांनी मॉन्सूनचा जोर वरखाली होतो. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि नैर्ऋत्य मॉन्सून दुबळा होता. पुढे सुमारे १० हजार वर्षांपूर्वीपासून काही सहस्रकं पाऊस आजच्यापेक्षाही जोरात पडला आणि मग पुन्हा ओसरला. माशाच्या दृष्टीनं पाहिलं, तर तापमान दोन-चार अंशांनी घसरल्याचं त्याला एवढं वाटणार नाही. ओढा बारमाही आहे की मार्चमध्ये तुटतो, यावर त्याचं सगळं अवलंबून असतं.

दख्खनमध्ये हे चढउतार झाले याचा पुरावा जमिनीतच सापडतो. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथं स. अ. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली. त्यातल्या एकावर नक्षीही कोरलेली आहे. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग हा उघड्या, कोरड्या माळरानाचा पक्षी. उलट गोदावरी, मांजरा, घोड या नद्यांच्या काठच्या जुन्या गाळात हत्ती, रानगुरं आणि पाणघोडे यांची हाडं सापडली आहेत. पाणघोड्याला वर्षभर पोटाएवढं पाणी लागतं. एकाच पठारानं वेगवेगळ्या काळी या दोघांनाही पोसलं, यावरून इथल्या पाण्याचा काटा किती दूरवर हलत होता ते दिसतं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शरद राजगुरू आणि त्यांच्याबरोबरच्या संशोधकांनी नद्यांच्या काठावरचे गाळाचे थर वाचायची एक परंपराच उभी केली. विश्वास काळे आणि राजगुरू यांचा १९८७ चा लेख ‘नेचर’मध्ये आला. त्याचा गाभा असा: हिमयुगाच्या शेवटाकडे पाऊस कमी असताना या नद्या स्वतःचंच पात्र गाळानं भरत होत्या, आणि पुढे मॉन्सून जोरावर आला तेव्हा त्यांनी तोच गाळ कापून पात्र पुन्हा खोल केलं. माशांच्या अंगानं हे वाक्य पुन्हा वाचा. पात्र गाळानं भरलं म्हणजे डोह बुजले, दगडगोटे मातीखाली गेले. पात्र कापलं गेलं म्हणजे खडक उघडा पडला, खळाळ आले, डोह आले. नदीचं नाव तेच राहिलं तरी माशांसाठी ते घर दोनदा पाडून बांधल्यासारखं झालं.

लोणारच्या विवराच्या तळातून काढलेल्या सुमारे १० मीटर लांबीच्या गाळाच्या नळीत गेल्या ११ हजार वर्षांचा पाऊस नोंदलेला आहे. त्यात दोन लांब कोरडे काळ दिसतात. एक ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळावरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पानांवरच्या मेणाचे अवशेष त्या गाळात टिकून असतात. त्यावरून असं दिसतं, की सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीपासून या खोऱ्यात कोरडवाहू झाडोरा आणि गवत वाढत गेलं. त्या गाळात तेरणेकाठची काळी मातीही मिसळलेली असणारच. येडशीच्या हवामानाची काही पानं अशी मच्छलीपट्टणपलीकडच्या समुद्रात जाऊन पडली आहेत.

आता माशांकडे. या वादात पहिलं मोठं नाव सुंदरलाल होरा यांचं. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात त्यांनी आयुष्य काढलं आणि १९४७ पासून ते तिथं संचालक होते. डोंगरी ओढ्यांतल्या माशांचं त्यांना वेड होतं. खळाळत्या पाण्यात वाहून न जाता दगडाला चिकटून राहणारे, पोट सपाट झालेले, ओठांखाली किंवा छातीवर चिकटण्याची सोय असलेले हे मासे. होरांना दिसलं, की असे मासे पूर्व हिमालयात, आसाम-ब्रह्मदेशात आणि मलायात आहेत, आणि मग हजार-दीड हजार किलोमीटर मधे काहीच नसताना एकदम पश्चिम घाटात आहेत. मधल्या सपाट, उष्ण, गढूळ नद्यांत ते जगूच शकत नाहीत. मग पोचले कसे?

होरांचं उत्तर ‘सातपुडा सिद्धांत’ म्हणून प्रसिद्ध झालं. हिमयुगाच्या काळात हवा थंड आणि ओली होती, विंध्य-सातपुड्याच्या रांगेवर बारमाही धबधबते ओढे होते, आणि त्या वाटेनं ओढ्याओढ्यांतून हे मासे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत सह्याद्रीला पोचले, असं ते मांडत. १९४९ मध्ये या एकाच विषयावर परिसंवाद झाला. मुंबईचे सालिम अली यांनी पक्ष्यांच्या बाजूनं याच वाटेचा पुरावा मांडला. ई. जी. सायलस यांनी १९५२ मध्ये माशांचा आणखी तपशील जोडला. आपल्या देशात जीवशास्त्राच्या एका मोठ्या कल्पनेवर अशी घसघशीत चर्चा क्वचितच झाली असेल.

होरांचा आणखी एक नाद इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या संस्कृत ग्रंथांतली माशांची माहिती ते आजच्या जातींशी ताडून पाहत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं लिहिवलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक प्रकरण आहे. गळ टाकून मासे कसे धरायचे, त्यांना काय चारायचं, पस्तीसेक जातींचे मासे कुठं राहतात, असं सगळं त्यात आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपासून काही कोसांवर. लोणारच्या गाळात जो लांब कोरडा काळ दिसतो, त्याच काळात या राजाच्या तळ्यांत मासे पाळले जात होते. तळी बांधून कोरड्या काळाला तोंड द्यायची दख्खनची रीत तेवढी जुनी आहे.

होरांच्या सिद्धांतातली पहिली अडचण त्यांच्या हयातीतच बोलली जाई. आजच्या सातपुड्यात त्या खळाळी माशांचा मागमूस जवळपास नाही, आणि हिमयुगात तिथली हवा ओली होती याचा भक्कम आधारही नव्हता. उलट पुढे जे पुरावे आले ते हिमयुग कोरडं असल्याचे. म्हणजे ज्या काळात वाट उघडली असं होरा म्हणत, त्या काळात ती उलट बंदच असण्याची शक्यता जास्त. दुसरी अडचण जास्त खोल होती. सारखं दिसणं आणि नातं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. खंडाळ्याच्या ओढ्यातून १९१९ मध्ये ॲननडेल यांनी वर्णन केलेला पॅरासायलोऱ्हिंकस हा मासा ईशान्येकडच्या सायलोऱ्हिंकससारखा दिसतो म्हणून त्याचं नाव तसं पडलं. आज तो मळ्याच्या भाऊबंदांत बसवला जातो. जोराच्या पाण्यात राहायचं तर शरीराला फार पर्याय नसतात. दोन वेगळी घराणी वेगवेगळी राहूनही एकाच आकाराला येतात.

मळ्या स्वतःच याचं चांगलं उदाहरण आहे. हातात धरून उलटा केला तर हनुवटीखाली एक गोल, मांसल चकती दिसते. त्या चकतीनं तो बसाल्टच्या गुळगुळीत दगडाला धरून बसतो आणि त्यावरचं शेवाळ खरवडून खातो. लेफ्टनंट कर्नल सायक्स १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची मोजदाद करत फिरत होता. त्यानं पुढे इथल्या चाळीसहून अधिक माशांचं वर्णन केलं, त्यात मळ्याही होता. सायक्सनं शास्त्रीय नावांतही स्थानिक बोलीतली नावं ठेवली, हे त्याचं औदार्य म्हणा की आळस.

होरांच्या सिद्धांताची खरी तपासणी व्हायला रेणूंचा काळ यावा लागला. दोन जातींच्या जनुकांतला फरक साधारण ठरावीक गतीनं साठत जातो. मग त्या फरकावरून दोघं वेगळे कधी झाले, याचा अंदाज बांधता येतो. घड्याळ म्हणण्याइतकं ते अचूक नसतं, पण १० हजार वर्षं आणि १ कोटी वर्षं यांतला फरक ते सहज सांगतं. बंगळुरूचे प्रवीण कारंथ यांनी २००३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या दृष्टीनं जुने सिद्धांत तपासायची मांडणी केली. २०२० मध्ये ‘जर्नल ऑफ बायोजिऑग्राफी’त पश्चिम घाटातल्या डोंगरी ‘लोच’, म्हणजे ओढ्याच्या तळाशी राहणाऱ्या लहान माशांवर एक अभ्यास आला. त्यात कोचीचे राजीव राघवन आणि पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. होरांनी ज्या गटावर सिद्धांत उभा केला त्याच गटातले हे मासे. निष्कर्ष असा, की या माशांच्या शाखा मायोसीन काळात, म्हणजे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यान फुटल्या. हिमयुगांचा काळ सुरू होतो तो अवघ्या २६ लाख वर्षांपूर्वी. होरांनी लावलेला काळ एका झटक्यात कोटीच्या घरात मागे गेला.

याचा अर्थ हवामानाचा हात नव्हता असा नाही. हात होता, पण जुन्या हवामानाचा. भारताचा तुकडा आशियाला सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी धडकल्यावर कटला-रोहूच्या घराण्यासारखी मंडळी आशियातून आत आली. त्याआधी, दख्खनचे ज्वालामुखी लाव्हा ओकत असताना, आपल्या तळ्यांत वेगळेच मासे होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या लामेटा थरांत ‘गार’ नावाच्या माशांचे जीवाश्म मिळाले आणि १९०८ मध्ये वुडवर्ड यांनी त्यांचं वर्णन केलं. गार आज फक्त अमेरिका खंडात उरले आहेत. मायोसीनमध्ये मॉन्सून जोरावर आला, घाटांवर दमट जंगलं टिकली. पुढे सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी उपखंडात गवताळ प्रदेश पसरले आणि कोरडा ऋतू लांबला. घाटातले मासे एकमेकांपासून तुटायला तेवढं पुरेसं होतं.

मग गेल्या २६ लाख वर्षांतल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या कोरड्या-ओल्या फेऱ्यांनी काय केलं? मला वाटतं, त्यांनी चाळणी चालवली. पठाराचं उदाहरण घ्या. पश्चिम घाटातल्या माशांची २००४ ची एक यादी डहाणूकर, रुपेश राऊत आणि अनुराधा भट यांची आहे. तिच्यात २८८ जाती होत्या, त्यांतल्या ११८ फक्त इथल्याच. या खास जातींची दाटी घाटमाथ्यावर आणि दक्षिणेकडे आहे. माथ्यापासून पूर्वेला शंभर-दीडशे किलोमीटर आलं, की कृष्णा-गोदावरीच्या पठारी फाट्यांत जे उरतं ते टिकाऊ मंडळींचं राज्य. मरळ हवेतून श्वास घेऊ शकतो. मांगूरही. वाम चिखलात शिरून बसतो. डोह आटत आला, पाणी गरम झालं, प्राणवायू संपला तरी यांचं भागतं. पठारावर कधीकाळी जास्त नाजूक मासे असतील, तर २१ हजार वर्षांपूर्वीच्या, आणि त्याआधीच्या तशाच कोरड्या काळांनी त्यांना गाळून टाकलं. पावसाळी घाट हा त्यांचा आसरा राहिला.

इथं आसरा म्हणजे नेमकं काय, तेही पाहिलं पाहिजे. येडशीला रामलिंगाच्या देवळाला वळसा घालून जाणारा ओढा पावसाळ्यात धबधब्यासारखा कोसळतो. १९९७ मध्ये जाहीर झालेलं येडशी-रामलिंग घाट अभयारण्य याच टेकड्यांत आहे, क्षेत्र जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. दिवाळीनंतर बालाघाटातले असे ओढे बारीक होतात, मग तुटतात, मग साखळीसारखे डोह उरतात, आणि एप्रिलमध्ये त्यांतलेही थोडेच. पुढच्या जूनमध्ये सगळा ओढा या उरलेल्या डोहांतल्या माशांपासूनच पुन्हा भरतो. हिमयुगातली दख्खन म्हणजे हाच एप्रिल हजारो वर्षं लांबलेला. वर्षाला एकदा होणारी ही गाळणी लाखो वर्षांच्या आवर्तनात मोठ्या मापावर होते, इतकाच फरक. म्हणून डोह हा माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे, सातपुडा नव्हे. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीत किंवा वाड्याजवळच्या तिळसेश्वराच्या डोहात देवाचे म्हणून मासे कुणी धरत नाही. तिथं मोठमोठे महसीर तरंगताना दिसतात. लोकांनी श्रद्धेनं राखलेल्या या जागा नेमक्या त्याच आहेत जिथं कोरड्या काळात नदीचा जीव राहतो.

चाळणीचा सिद्धांत जगात इतरत्र तपासून पाहिला, तर एक मोठा अपवाद समोर येतो. पूर्व आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वीपर्यंत पूर्ण कोरडं पडलं होतं. तळाचा गाळ तसं सांगतो. त्यानंतर त्यात सिक्लिड घराण्याच्या माशांच्या पाचशेच्या आसपास जाती झाल्या. म्हणजे १५ हजार वर्षांत पाचशे जाती. हवामानानं जाती घडवल्याचं याहून ठसठशीत उदाहरण नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. मग २०१७ मध्ये जनुकांचा तपशील आला आणि चित्र बदललं. या माशांचे पूर्वज दोन दूरच्या घराण्यांच्या संकरातून आले होते. त्यांच्या रक्तात वैविध्य आधीच साठलेलं होतं, सरोवर भरलं तेव्हा ते नुसतं वाटलं गेलं. मलावी सरोवराची पातळीही एके काळी ५०० मीटरहून खाली गेली होती. कोरड्या काळानं जागा रिकामी केली, ओल्या काळानं ती भरली; भरायला लागणारा माल मात्र जुना होता. ॲमेझॉनच्या जंगलाचे कोरड्या काळात तुकडे होऊन जाती झाल्या, ही हाफर यांची १९६९ ची कल्पनाही अशीच आता बरीच मऊ करून सांगितली जाते.

आपल्याकडे व्हिक्टोरियासारखं सरोवर नाही, म्हणून तसा स्फोटही नाही. आपल्याकडे आहेत लांब नद्या आणि त्यांच्यातले पाणलोट. तेव्हा इथला प्रश्न सरोवर भरण्याचा राहत नाही, तो माथे ओलांडण्याचा होतो. माथा ओलांडायच्या तीन वाटा संभवतात. पहिली म्हणजे नदीचौर्य. एक ओढा मागे मागे खोदत जाऊन दुसऱ्या खोऱ्यातल्या ओढ्याचं डोकं तोडून घेतो, आणि त्या ओढ्यातले मासे आपसूक खोरं बदलतात. मॉन्सून जोरावर असतो तेव्हा नद्या जास्त खोदतात, त्यामुळे ही चोरी ओल्या काळात व्हायची शक्यता जास्त. दुसरी वाट पाणी साचण्याची. बालाघाटाचा माथा बऱ्याच ठिकाणी सपाट आहे. अतिवृष्टीत शेतं एकसलग पाण्याखाली जातात, आणि मरळाच्या लहान भाऊबंदांना ओल्या गवतातून चार हात सरकत जायला अडचण नसते. तिसरी वाट जमीन हलण्याची. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप तेरणेच्याच खोऱ्यात झाला. या पठाराला आपण मेलेला खडक समजत होतो, ते तितकंसं खरं नाही. नदीचा माथा सरकायला हवामानच लागतं असं नाही, हे हवामानवाद्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

कोकणात चौथी वाट आहे, ती समुद्राची. मुंबईसमोर उथळ समुद्रतळ सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. समुद्र १२० मीटर खाली गेला तेव्हा वैतरणा, उल्हास, सावित्री यांना आजचा किनारा ओलांडून त्या उघड्या मैदानातून वाहत जावं लागलं, आणि तिथं त्या एकमेकींना भेटल्या असण्याची शक्यता चांगलीच आहे. आग्नेय आशियात असंच झालं. सुमात्रा, बोर्निओ आणि मलाया यांच्या नद्या हिमयुगात एका बुडालेल्या मोठ्या नदीत मिळत, म्हणून आज समुद्रानं तोडलेल्या बेटांवर तेच मासे सापडतात. पण केवळ जमीन जोडली गेली म्हणून जीव जातातच असंही नाही. श्रीलंका आपल्याला सुमारे १० हजार वर्षांपूर्वीपर्यंत पुन्हा पुन्हा जोडली गेली होती, आणि तरीही तिथल्या दमट भागातल्या कितीतरी प्राण्यांची घराणी पश्चिम घाटापासून वेगळीच राहिली. २००४ च्या ‘सायन्स’मधल्या अभ्यासानं ते दाखवलं. मधला पट्टा कोरडा होता. पूल होता, पण पुलावर पाणी नव्हतं.

आता एका छोट्या माशाकडे वळतो. मला तो या प्रकरणातला सगळ्यात विश्वासू साक्षीदार वाटतो. फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याजवळून वर्णन केलेला इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी. बोटाएवढा, तपकिरी, अंगावर आडवे काळसर पट्टे, तोंडाभोवती मिशा आणि नाकपुडीशीही मिशीसारखाच एक धागा. लहान ओढ्यांत, दगडाखाली, सडक्या पानांत राहतो. शंभर वर्षं हा एकच मासा दख्खनभर, अगदी बस्तरच्या कोटुमसर गुहेतही आहे असं समजत होते. गुहेतल्यांचे डोळे आणि रंग कमी झाले आहेत, एवढंच वेगळेपण. मग २०१७ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी दाखवलं की हा एक मासा नाही, जातींचा अख्खा घोळका आहे. २०२१ मध्ये त्यातून दोन नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या. गोदावरीच्या खोऱ्यातल्या मुळा नदीतली नीलेशी आणि कृष्णेच्या खोऱ्यातल्या हिरण्यकेशीतली राजीवी, ही नावं वर आलेल्या डहाणूकर आणि राघवन यांच्यावरून. आंबोलीच्या याच हिरण्यकेशीच्या उगमाशी २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी हा आणखी एक लोच सापडला, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली.

म्हणजे एकाच पठारावर दोन उलट्या गोष्टी घडलेल्या दिसतात. रोहटी आणि वामेसारख्या मोठ्या नदीत फिरणाऱ्या माशांनी खोरी ओलांडली आणि ते एकच राहिले. ओढ्यात घर करून बसलेला बोटभर मासा मात्र ओढ्याओढ्याला वेगळा होत गेला. आवर्तनांचा परिणाम काय झाला हे विचारण्याआधी कुणावर झाला हे विचारावं लागतं. कोरड्या काळात मोठ्या नदीच्या खोल डोहांत बरेच जण एकत्र राहतात, मिसळतात. लहान ओढ्यांतले मात्र आपापल्या झऱ्याशी अडकतात. तोच दुष्काळ एकाला जोडतो आणि दुसऱ्याला तोडतो. सगळ्या उष्ण कटिबंधाला लावता येईल असं एकच सूत्र शोधणाऱ्यांची गल्लत इथं होते, असं मला वाटतं.

गेल्या सत्तर वर्षांत या कथेत माणसानं हात घातला आहे. गंगेतले कटला आणि मृगळ दख्खनच्या तलावांत बोटुकलीच्या रूपानं सोडले गेले, आफ्रिकेची चिलापी १९५२ मध्ये देशात आली आणि आता उजनीच्या जाळ्यात तीच जास्त सापडते. बोटुकली एका खोऱ्यातून ट्रकनं दुसऱ्या खोऱ्यात जाते, तिच्याबरोबर डब्यात चुकून शिरलेले इतर मासेही जातात. मरळ किंवा कटल्याच्या जनुकांतून जुना प्रवास वाचायचा, तर माणसानं केलेली सरमिसळ आधी वजा करावी लागणार.

बोटभर लोचला ही अडचण नाही. त्याला कुणी खात नाही, कुणी विकत नाही, कुणी तलावात सोडत नाही. म्हणून येडशीच्या दोन्ही उतारांवरच्या ओढ्यांतून त्याचे नमुने घेतले तर प्रश्न बराच सुटेल. या माशांच्या पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या जनुकांत दोन घराण्यांमधला फरक दर दहा लाख वर्षांना ढोबळमानानं एक ते दोन टक्के पडतो. बार्शीकडचा आणि तेरणेकडचा लोच यांत फरक जवळपास शून्य निघाला, तर १० हजार वर्षांपूर्वीच्या त्या जोरकस पावसात किंवा त्यानंतर माथा ओलांडला गेला असं म्हणावं लागेल. फरक एक-दोन टक्के आला, तर हिमयुगांच्या आवर्तनांत कधीतरी ही वाट शेवटची उघडली होती. आठ-दहा टक्के आला, तर आवर्तनं कितीही येवोत-जावोत, बालाघाटाचा माथा लोचसाठी हिमयुगांच्या कितीतरी आधीपासूनच बंद आहे, आणि मग रोहटी इकडून तिकडे कशी गेली याचं उत्तर पाण्याच्या खालच्या अंगाला, मोठ्या नद्यांत शोधावं लागेल. नमुने घ्यायला दसरा ते दिवाळीचा काळ बरा. पूर ओसरलेला असतो आणि ओढा अजून तुटलेला नसतो.